मदत हवी आहे: संस्थेचे नियतकालिक कंपनीकडे सोपवताना करारात काय पाहावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या विद्वत्संस्थेचे संशोधन नियतकालिक आजवर आम्हीच काढत आलो. संपादन, मुद्रितशोधन, वर्गणीदारांच्या याद्या, सगळे सभासदांच्या फावल्या वेळात. आता एका व्यावसायिक प्रकाशन कंपनीने भागीदारीचा प्रस्ताव दिला आहे. छपाई, संकेतस्थळ आणि विक्री त्यांची, संपादन आमचे, उत्पन्नात वाटा. हात थकलेत, त्यामुळे नाही म्हणवत नाही.

माझे मन अडते ते नावाच्या मालकीवर. २०१५ मध्ये एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीशी मतभेद झाल्यावर ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळाने राजीनामे दिले, पण नाव कंपनीकडेच राहिले. संपादकांना ‘ग्लॉसा’ हे नवे नियतकालिक काढावे लागले. आमच्या मसुद्यात मालकी ‘संयुक्त’ लिहिली आहे. करार संपल्यावर याचा अर्थ नेमका काय लागतो? जुन्या अंकांच्या फायली, वर्गणीदारांची यादी परत मिळते का? आणि लेखकांकडून शुल्क घ्यायचे की नाही, हे कोण ठरवते? (हे कंपनीच्या हातात जाऊ नये असे मला फार वाटते.)

अशा करारातून कुणी गेले असेल, तर ही कलमे तुम्ही कशी लिहून घेतलीत ते कृपया सांगा. सही व्हायच्या आत कार्यकारिणीपुढे मांडायचे आहे.