कामाबद्दल विचाराच
विसरायला लागलेल्या वडीलधाऱ्यांना जुन्या कामाबद्दल विचारून शिणवू नये, असं काहीजण सांगतात. मला हे पटत नाही. माझे आजोबा सांगलीजवळ हरिपूरला हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर, हमाली करायचे. आता सकाळी जेवलो का, तेही आठवत नाही. पण पेवाचा विषय निघाला की सलग सांगतात: तोंड उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा जीव घेते. आधी दिवा सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली, हे काम जाणणारी माणसंही आता थोडीच. हाताला बसलेलं काम मेंदू घटनांपेक्षा वेगळं जपतो, ते सहसा उशिरा पुसतं. तेव्हा विचाराच, फोनवर रेकॉर्डही करून ठेवा. असं बोलणं झालं की आजोबा त्या दिवशी पोटभर जेवतात.