डीप स्प्रिंग्स : पंचवीस-तीस मुलांचं कॉलेज शंभर वर्षं टिकलं कसं?

मुक्ता_नाशिक : भाची बारावीला आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डीप स्प्रिंग्स कॉलेजात अर्ज करायचं तिच्या डोक्यात बसलंय. एकूण मुलं पंचवीस-तीस, फी नाही, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि गाईंचं दूधही काढायचं! ताईला वाटतंय हा कुठलातरी आश्रम आहे. याचा इतिहास कुणाला माहीत आहे का?

फ्यूजवाला : आश्रम नाही हो. मी वीज मंडळातून निवृत्त झालो. या कॉलेजची ओळख मला पॉवरहाऊसमुळे झाली.

संस्थापक एल. एल. नन. पेशाने वकील, कोलोरॅडोतल्या टेल्युराइडला खाणींच्या धंद्यात पडलेला. डोंगरावरच्या गोल्ड किंग खाणीत इंधन चढवणं परवडेना, म्हणून १८९१ मध्ये त्याने खाली एम्स नावाच्या ठिकाणी पाण्यावर चालणारं वेस्टिंगहाऊस कंपनीचं जनित्र बसवलं आणि ३००० व्होल्टची एसी (सतत दिशा बदलत वाहणारी) वीज चारेक किलोमीटर वर नेली. एडिसन तेव्हा डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) हट्ट धरून होता! कारखानदारीसाठी एसी वाहून नेण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक.

पण ही यंत्रं सांभाळणार कोण? एसी कळणारा माणूस बाजारात मिळत नव्हता. ननने तरुण पोरं घेतली. पाळीवर काम करायचं, उरलेल्या वेळात शिकायचं. पुढे युटातल्या ऑल्मस्टेड केंद्रावर तर रीतसर वर्ग भरू लागले. हळूहळू ननला विजेपेक्षा पोरांतच जास्त रस वाटायला लागला. १९११ मध्ये त्याने टेल्युराइड असोसिएशन ही शिक्षणसंस्था काढली आणि १९१७ मध्ये सिएरा नेवाडाच्या पूर्वेला, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, एका रँचवर हे कॉलेज.

म्हणून तिथले नियम मला परके वाटत नाहीत. आठवड्याला वीस तास काम. नवी मुलं कोण घ्यायची, प्राध्यापक कोण नेमायचे, या समित्यांवर मुलं बसतात. दारू बंद, सत्र चालू असताना खोऱ्याबाहेर जाणं बंद, आणि हे पाळायची जबाबदारी मुलांचीच. रात्रपाळीला सबस्टेशनवर एकटा बसलेला ऑपरेटर आठवा. साहेब झोपलेला असतो, निर्णय यालाच घ्यावा लागतो. ननने असाच माणूस घडवायला कॉलेज काढलं, असं माझं मत.

रँचवर लसूणघास पिकतो, गुरं आहेत, पण गाडा चालतो तो मुख्यतः देणग्यांवर.

सातारकर : म्हणजे आपली ‘कमवा आणि शिका’च की! कर्मवीर अण्णांनी रयत १९१९ ला काढली, हे त्याच्या दोन वर्षं आधी.

फ्यूजवाला : साल जवळचं, हेतू वेगळा. अण्णांकडे पोरगं राबायचं ते घरी पैसे नव्हते म्हणून. त्यांना खेड्यापाड्यांतली हजारो पोरं शिकवायची होती. नन मूठभर निवडत होता, आणि राबणं हा त्याच्या लेखी शिक्षणाचाच भाग. थोडा शिष्टपणा आहे त्यात, नाही म्हणत नाही.

मुक्ता_नाशिक : काका, मुलींना घेतात ना?

फ्यूजवाला : आता घेतात. ननच्या विश्वस्तपत्रात ‘होतकरू तरुण’ म्हणजे फक्त मुलगे होते. २०११ मध्ये विश्वस्तांनी मुलींना प्रवेश द्यायचं ठरवलं, तर त्यांच्यातलेच दोघं कोर्टात गेले. २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाट मोकळी केली आणि २०१८ मध्ये पहिल्या मुली आल्या. १९२५ मध्ये गेलेल्या माणसाच्या कागदावर पोरींनी इतकी वर्षं बाहेर थांबायचं, हे मला कधीच पटलं नाही.

भाचीला म्हणावं, अर्जातला निबंध मनापासून लिही, ते वाचणाऱ्यांत तिच्याच वयाची मुलं असतात. आणि ताईंना एक सांगा. दोन वर्षांनी मुलं कॉर्नेल, येल, शिकागो अशा ठिकाणी पुढची पदवी घेतात. फुकट आहे ते डीप स्प्रिंग्सचं. पुढच्या कॉलेजच्या फीचा हिशेब आत्ताच मांडून ठेवा.