एका कपावर दोन तास: कॉफी हाऊस, कॅफे आणि शहराचा संवाद

धरमपेठकर
कॉफी हाऊस चौकातून रोज जातो आणि वाटते, चौकाला नाव उरले, पण एका कपावर दोन तास वाद घालणारी माणसे उरली नाहीत. हल्लीच्या कॅफेंमध्ये एका टेबलाभोवती चौघे बसतात आणि चौघांच्याही माना मोबाईलमध्ये असतात. वकील, विद्यार्थी आणि कामगार पुढारी शेजारी बसून भांडू शकतील अशी जागाच नागपुरात राहिलेली नाही; शहराचा संवाद तिथेच संपला.

महालची लेक
काका, हे वाचून गप्प बसणे जमले नाही. शेजारी बसून भांडणाऱ्यांची यादी आपण दिलीत, तीत एक तरी बाई आहे का? कॉलेजात असताना मैत्रिणीबरोबर मी एका कॉफी हाऊसमध्ये गेले होते. वेटरने काही न विचारता आतल्या फॅमिली विभागाकडे बोट दाखवले. मळकट हिरव्या पडद्याआड आम्ही दोघी कटलेट खात बसलो होतो आणि बाहेर निवडणुकीवर रंगलेला वाद तुकड्यातुकड्यांनी कानावर पडत होता. त्यात भाग घेणे तर दूरच, बोलणाऱ्यांची तोंडेही आम्हाला दिसत नव्हती. आज माझी भाची त्याच मोबाईलवाल्या कॅफेत एकटी बसून तासन्‌तास अभ्यास करते आणि तिला कोणी हटकत नाही, तेव्हा आपल्या गळा काढण्यात सामील होण्याचे मला काही कारण दिसत नाही.

धरमपेठकर
पडद्याचा मुद्दा मान्य; नाइलाजाने का होईना, मान्य. परंतु इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने 1675 साली कॉफी हाऊस बंद करण्याचे फर्मान काढले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते मागे घेतले, ते तिथल्या गप्पांना भिऊनच. आणीबाणीत दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधले कॉफी हाऊस पाडले गेले. आपल्या भाचीच्या कॅफेची एखाद्या सरकारला धास्ती वाटल्याचे ऐकिवात नाही.

कॅफेवाला
सरकारची धास्ती राहू द्या, मला दर महिन्याला घरमालकाची धास्ती असते. एका कपावर दोन तास बसण्याचे कौतुक सगळेच करतात, पण त्या खुर्चीचे भाडे कोणी भरले हे कोणी विचारत नाही. इंडिया कॉफी हाऊस मुळात देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून निघाली. पुढे ती चालवणाऱ्या सरकारी कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर आले, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि 1957 साली बंगळूरपासून स्वतःच ती चालवायला घेतली. म्हणजे आधी बोर्डाने आणि मग वेटरांनी आपल्या वादांचा खर्च उचलला. माझ्याकडे परवा दोन निवृत्त गृहस्थ आले, एका कॉफीचे दोन भाग करून घेतले, संध्याकाळभर देशाचे अर्थकारण सुधारले आणि जाताना संगीत फार मोठे आहे अशी तक्रार करून गेले!

सदरकर
तक्रार योग्यच होती. इतक्या मोठ्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि गिऱ्हाइकाने लवकर उठावे यासाठीच ते लावलेले असते, हे न कळण्याइतके आम्ही दुधखुळे नाही.

कॅफेवाला
आपण महिनाभर गल्ला सांभाळून दाखवा, मग दूधखुळे कोण ते ठरवू.

सदरकर
गल्ला सांभाळूनही लोकांना बसू देता येते. सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये तुरेवाला फेटा बांधलेला वेटर आजही डोसा आणून ठेवतो आणि बिल मागितल्याशिवाय आणत नाही. धरमपेठकर साहेब, संवाद संपल्याचा दाखला देण्याआधी आपण तिथे शेवटचे केव्हा गेला होतात?

धरमपेठकर
पार्किंग मिळत नाही.

महालची लेक
म्हणजे लोकशाही गाडी लावायला जागा नसल्याने बुडाली म्हणायची!

कॅफेवाला
माझ्याकडे गाड्यांना जागा आहे. शनिवारी दुपारी सर्वांनी यावे. संगीत बंद ठेवीन, पडदा नाहीच. मात्र कॉफी प्रत्येकाने स्वतंत्र घ्यावी लागेल.

सदरकर
दुसऱ्या कपानंतर उठवणार नसाल तर येतो.