काटेरी हलवा: नाव कुठले आणि पदार्थ कुठला?

चर्चाप्रस्ताव
संक्रांतीच्या हलव्याला हे नाव का पडले, याचे आमच्या घरातले उत्तर एकच: तो सतत हलवावा लागतो म्हणून. मंद शेगडीवर परात ठेवायची, तिळांवर चमचाभर पाक सोडायचा, तो सुकेपर्यंत दाणे बोटांनी फिरवत राहायचे आणि मगच पुढचा चमचा, असे कधी तीन-चार दिवस चालते. हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात. ज्याचा जीवच हलवण्यात आहे, त्याचे नाव परभाषेतून आले असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १
ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण टिकणारी नाही. अरबीत ‘हल्वा’ म्हणजे गोड पदार्थ. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि ‘हलवाई’ही त्यातूनच घडला. पिठले आणि बासुंदीही सतत हलवावी लागते, त्यांना कोणी हलवा म्हणत नाही.

प्रतिसाद २
माझ्या मते पदार्थही बाहेरचाच असावा. जपानमध्ये ‘कोम्पेइतो’ ही अशीच काटेरी साखरगोळी आहे आणि तिचे नाव पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आले आहे. १५६९ साली लुईश फ्रोइश या जेझुइट धर्मगुरूने ओदा नोबुनागा या सरदाराला ती काचेच्या बरणीतून भेट दिली. हाच फ्रोइश जपानला जाण्यापूर्वी अनेक वर्षे गोव्यात राहिला होता. हा धागा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

चर्चाप्रस्तावक
नावाबाबत मी माघार घेतो, पदार्थाबाबत नाही. बटाटा, काजू, पाव हे पोर्तुगीजांबरोबर नावासकट आले. मग ‘कोन्फेइतो’चा मागमूस मराठीत का नाही? दाण्यावर पाक थराथराने सुकवला की काटे धरतात, हा साखरेचाच गुण आहे आणि तो निरनिराळ्या मुलखांतल्या हातांना स्वतंत्रपणे सापडू शकतो. शिवाय नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला आणि बाळाला बोरन्हाणाला याच दाण्यांचे दागिने घालण्याची रीत पोर्तुगालने शिकवलेली नाही.

प्रतिसाद २
रीत आपली आहे, हे मान्य. परंतु नाव आले नाही म्हणून वस्तूही आली नाही, हे अनुमान चुकते. मिरची पोर्तुगीजांमार्फतच अमेरिकेतून इथे आली आणि आपण तिला आपल्या जुन्या मिरीवरून नाव दिले. काटेरी गोळीलाही इथे आधीच रुळलेले ‘हलवा’ हे नाव तसेच मिळाले असेल.