अपघातात यकृत फाटले असता प्रत्यारोपणाचा विचार केव्हा होतो?

प्रश्न : कृष्णाकाठ

माझा मामेभाऊ (वय ३१) दुचाकीवरून जात असताना टेम्पोची धडक बसून गंभीर जखमी झाला. रक्तदाब सावरत नसल्यामुळे जवळच्याच रुग्णालयात तातडीने त्याचे पोट उघडण्यात आले, तेव्हा यकृताचा उजवा भाग खोलवर फाटलेला आढळला. तेथील सर्जननी यकृताभोवती मॉप (रक्त थांबवण्यासाठीच्या कापडी घड्या) दाबून बसवले, पोट तात्पुरते झाकले आणि त्याला शहरातील मोठ्या रुग्णालयात पाठवले. येथे सीटी स्कॅन करून, धमनीत कॉइल (ती बंद करणारी बारीक तार) सोडून उरलेला रक्तस्राव थांबवण्यात आला आहे. इजा ग्रेड ४ ची, म्हणजे गंभीर, असल्याचे अहवालात लिहिले आहे.

एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतील एक आकडा) तीन हजारांवर गेल्याचे कळल्यापासून घरातील सर्वजण धास्तावले आहेत. त्याची थोरली बहीण यकृताचा भाग देण्यास तयार आहे आणि रक्तगटही जुळतो, परंतु ‘प्रत्यारोपणाचा विषय सध्या नाही’ एवढेच डॉक्टर सांगतात. महाराष्ट्रात यकृत प्रत्यारोपणे आता नेहमी होत असताना अशा रुग्णासाठी त्याचा विचार का होत नाही, आणि वाट पाहण्यात वेळ हातची निसटत तर नाही ना, हे कोणी समजावून सांगेल का? उपचार करणाऱ्यांवर अविश्वास नाही. आयसीयूच्या दाराशी होणाऱ्या बोलण्यात सगळे उमजत नाही, इतकेच.

उत्तर : शल्यकर्म

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. आपल्या रुग्णाचे कागद पाहिलेले नसल्यामुळे सर्वसाधारण उत्तर देतो.

प्रथम एसजीपीटीविषयी. यकृताच्या पेशी चिरडल्या गेल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला की हे द्रव्य रक्तात उतरते. म्हणजे किती पेशी मेल्या याचा तो अंदाज आहे, उरलेले यकृत काम करते की नाही याचा नव्हे. ते कळण्यासाठी आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो याचा आकडा) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, न देता सुधारतो का, लॅक्टेट (रक्तात साचणारे आम्ल) उतरते का, साखर टिकते का आणि औषधांची गुंगी कमी केल्यावर रुग्ण शुद्धीवर येतो का, हे पाहावे लागते. निरोगी यकृताचा तिसरा हिस्सा शाबूत असला तरी माणूस जगू शकतो आणि तो हिस्सा पुढे वाढतो. ३१ वर्षांच्या, पूर्वी यकृताचा आजार नसलेल्या माणसाच्या बाजूने ही फार मोठी गोष्ट आहे.

यकृताच्या इजेत पहिल्या काही तासांत मृत्यू येतो तो रक्तस्रावाने. रक्त वाहत राहिले की शरीर थंड पडते, रक्तात आम्ल साचते, गोठण्याची क्रिया कोलमडते आणि त्यामुळे रक्तस्राव आणखी वाढतो. अशा वेळी लांबलचक शस्त्रक्रिया करणे म्हणजे रुग्ण टेबलावर गमावणे. म्हणून मॉप दाबायचे, बाहेर यायचे, रुग्णाला ऊब आणि रक्त द्यायचे आणि साधारण दोन-तीन दिवसांत पुन्हा आत जायचे, ही पद्धत रूढ झाली. आपल्या जवळच्या रुग्णालयातील सर्जननी नेमके हेच केले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता.

प्रत्यारोपणाचा प्रश्न खरोखर उभा राहतो तो दोन प्रसंगी. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या युक्तीप्रमाणे यकृतात शिरणारी धमनी व प्रतिहारी शीर (आतड्यांकडून रक्त आणणारी) दाबून धरली तरी, यकृतामागील महाशीर (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) किंवा तिला मिळणाऱ्या शिरा फाटलेल्या असतील तर मागून येणारे रक्त थांबत नाही. तेथे मॉपही निष्फळ ठरले तर क्वचित संपूर्ण यकृत काढावे लागते. दुसरा प्रसंग म्हणजे रक्तस्राव थांबला, पण उरलेले यकृत मृत झाले. संपूर्ण यकृत काढल्यावर आतड्यांकडून येणारे रक्त तात्पुरत्या जोडणीने महाशिरेत वळवतात आणि रुग्ण यकृताविना काही तास, फार तर दीड-दोन दिवस तग धरतो. तेवढ्यात अवयव मिळावा लागतो. जर्मनीतील हॅनोव्हरच्या शस्त्रक्रिया पथकाने ही दोन टप्प्यांची पद्धत नव्वदच्या दशकात प्रसिद्ध केली. ती किती विरळा आहे पाहा : युरोपच्या प्रत्यारोपण नोंदवहीत १९८७ ते २०१३ या काळात इजेमुळे प्रत्यारोपण झालेले ७३ रुग्ण सापडले, आणि त्यांतील ४० टक्क्यांहून अधिक ९० दिवसांच्या आत दगावले. यकृताबरोबर इतर अवयवांना झालेली इजा जितकी जास्त, तितका निकाल वाईट. डोक्याला मार असेल किंवा आतडे फाटून पोटात घाण पसरली असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करणे हाच मोठा धोका ठरतो.

उत्तर : दाताघर

मी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. बहिणीच्या तयारीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार बहीण ‘जवळची नातेवाईक’ ठरते, त्यामुळे परवानगीचा मार्ग तुलनेने सोपा आहे. तथापि दाती स्त्री असल्यास तिची संमती स्वतंत्र आहे याची खातरजमा रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून करून घ्यावी, असे २०१४ चे नियम सांगतात, आणि ते योग्यच आहे, कारण भाऊ आयसीयूत असताना ‘नाही’ म्हणणे कोणत्याही बहिणीला सोपे नसते. उजवा भाग देणाऱ्या दात्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारणपणे दोनशे ते पाचशेंमध्ये एक इतका सांगितला जातो. शिवाय सीटी व एमआरआय करून तिच्याकडे किमान तीस टक्के यकृत उरेल आणि भावाच्या वजनाच्या सुमारे ०.८ टक्के भाग त्याला मिळेल, हे पाहावे लागते. तातडीच्या वेळी या तपासण्या एक-दोन दिवसांत उरकता येतात, परंतु गरज नसताना त्या सुरू करू नयेत.

मेंदूमृत दात्याचे यकृत मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील अवयव वाटपाच्या विभागीय समित्यांच्या यादीप्रमाणे मिळते. मेंदूमृत्यूची तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते, नंतर कुटुंबाची संमती. म्हणजे हवा त्या दिवशी अवयव मिळेल असे कोणीच सांगू शकत नाही. रस्ते अपघातातील माणसे प्रत्यारोपणाच्या व्यवहारात बहुधा देणाऱ्याच्या बाजूला असतात, हे आमच्या कामातील कटू वास्तव आहे.

उत्तर : मध्यरात्रपाळी

शल्यकर्म यांच्या म्हणण्याशी मी बव्हंशी सहमत आहे. तरीही ‘विषय सध्या नाही’ हे वाक्य मला अपुरे वाटते. प्रत्यारोपण करायचे नसले तरी यकृत शस्त्रक्रियेतील अनुभवी पथकाचे मत लवकर घ्यावे, कारण मृत भाग केव्हा काढायचा, पित्तगळती कशी हाताळायची, हे प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातले असतात. मत फोनवर आणि स्कॅनच्या प्रतिमा पाठवूनही घेता येते. मॉप पोटात असताना रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा अट्टहास नातेवाइकांनी करू नये.

कृष्णाकाठ

सर्वांचा ऋणी आहे. मॉप काढण्यात आले असून पुन्हा रक्तस्राव झालेला नाही; आयएनआर प्लाझ्माशिवाय १.६ वर आला आहे. मात्र ड्रेनमधून (पोटातील द्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) पित्त येत आहे. याचा अर्थ यकृत निकामी होत आहे असा घ्यावा का?

शल्यकर्म

नाही. पित्त तयार होत आहे याचाच अर्थ पेशी काम करत आहेत. ग्रेड ४ च्या इजेनंतर पित्तगळती बऱ्याचदा दिसते आणि ड्रेन नीट वाहत असेल तर पुष्कळदा आपोआप आटते. न आटल्यास ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचण्याची पद्धत) करून पित्तनलिकेत स्टेंट ठेवतात. पुढील तपासण्यांत मात्र हयगय करू नका. रक्तपुरवठा तुटल्यामुळे पित्तनलिका आकसल्या, तर काही महिन्यांनी कावीळ व वारंवार ताप येऊ शकतो, आणि फार थोड्या रुग्णांना तेव्हा प्रत्यारोपण लागते. ते तयारीनिशी होत असल्यामुळे तातडीच्या प्रत्यारोपणापेक्षा त्याचे निकाल पुष्कळ बरे असतात. घरी सोडण्यापूर्वी बिलिरुबिन व अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताचा अडथळा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) पुन्हा केव्हा तपासायचे, याच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या.