फ्रॉड पकडणारं मॉडेल: ‘वेगवान आणि अचूक’ हे आकड्यांत कसं लिहायचं?

प्रश्न
नमस्कार मंडळी. पेमेंटमधला फ्रॉड पकडणारं मॉडेल लाइव्ह करायचंय. कागदावर गरजा लिहिल्यात त्या ‘वेगवान, अचूक, विश्वासार्ह’ एवढ्याच. एका रिक्वेस्टला उत्तर द्यायची मुदत १५० मिलिसेकंद. चाचणीत सरासरी ७० येते, पण लोड वाढला की काही रिक्वेस्ट मुदतीबाहेर जातात. क्वांटायझेशन (मॉडेलमधले आकडे कमी बाइटमध्ये साठवणं) केलं तर भागेल का?

उत्तर १
सरासरी सोडा, पी९९ बघा, म्हणजे शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात पूर्ण होतात ती वेळ. समजा पाच ठिकाणांहून फीचर्स (मॉडेलला लागणारी माहिती) येतात आणि प्रत्येक ठिकाण शंभरातून ९९ वेळा वेळेत उत्तर देतं. पाचही वेळेत येण्याची शक्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ९५ टक्के. शंभरातल्या पाच रिक्वेस्ट मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच रखडल्या! त्यामुळे आधी फीचर्स एकामागून एक न मागवता एकदम मागवा, मग मॉडेलकडे वळा.
गरज अशी लिहा: ‘सेकंदाला ५०० रिक्वेस्ट असताना गेटवेवर (रिक्वेस्ट जिथून आत येते तिथे) मोजलेला पी९९ १५० च्या आत. १२० मिलिसेकंदांपर्यंत स्कोअर (मॉडेलचा फ्रॉडबद्दलचा अंदाज) आला नाही तर साध्या नियमांवर निर्णय. असे निर्णय ०.५ टक्क्यांवर गेले की अलर्ट.’ आकडे तुमच्या ट्रॅफिकप्रमाणे बदला, पण कुठे मोजायचं आणि मुदत चुकली तर काय करायचं, हे गाळू नका.

उत्तर २
‘अचूक’ हा शब्द तर काढूनच टाका. हजारात एक व्यवहार फ्रॉड असेल, तर सगळ्यांना ‘ठीक’ म्हणणारं मॉडेलही ९९.९ टक्के अचूक ठरतं. चुकीने अडवलेल्या व्यवहारांची मर्यादा ठरवा आणि त्या मर्यादेत रिकॉल (खऱ्या फ्रॉडपैकी किती पकडले) किती हवा ते लिहा.
क्वांटायझेशनने इंट८ (८ बिटांचे पूर्णांक) केल्यावर एक वेट (मॉडेलने शिकलेला आकडा) ४ बाइटऐवजी १ बाइटमध्ये बसतं, पण स्कोअर थोडे सरकतात. जुना, समजा ०.८ चा थ्रेशोल्ड (ज्या स्कोअरपासून व्यवहार अडवायचा ती सीमा) तसाच ठेवलात तर रिकॉल गुपचूप घसरू शकतो. थ्रेशोल्ड नव्याने ठरवा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. खरा फ्रॉड कळायला काही आठवडे जातात. तोवर रिकॉल कशावरून बघायचा?

उत्तर ३
तोवर रिकॉल कळत नाही, इनपुट आणि स्कोअर बघा. ट्रेनिंगच्या डेटाचे दहा भाग पाडून रोज पीएसआय (आजच्या डेटाची विभागणी ट्रेनिंगच्या डेटापासून किती सरकली ते दाखवणारा आकडा) काढा. रूढ संकेत असा: ०.१ खाली ठीक, ०.२५ वर तपासणी. एखादा भाग रिकामा राहिला तर पीएसआयच्या सूत्रातला लॉगरिदम अनंतात जातो, म्हणून तिथे ०.०००१ सारखी छोटी किंमत धरा. आणि फीचरचं एकक बदललं (रुपयांऐवजी पैसे आले), तरी पीएसआय उसळतो. रीट्रेनिंगला हात घालण्याआधी पाइपलाइन तपासा.