उटीचा सरकारी बगीचा कोणी कोणी पाहिला? या, सांगा

पारा 45 वर आहे, दुपारी ओसरीवरही बसवत नाही. अशात उटी आठवली. दोड्डबेट्टा डोंगराच्या उतारावरची 1848 सालची बाग, मे महिन्यात फुलांचं प्रदर्शन. पाहून आलेल्यांनी लिहा. ‘छान आहे, थंड आहे’ एवढंच नको बुवा, ते माहीत आहे.

वरुडहून :
आम्ही संत्रावाले. बायको फुलं पाहून राहिली होती, मी बुंधे. ही बाग आखणारा मॅकआयव्हर हा इंग्लंडच्या क्यू बागेतला माळी. निलगिरीच्या डोंगरात क्विनाइनचं, म्हणजे हिवतापाच्या औषधाचं, सिंकोना झाड वाढवलं तेही त्यानंच. औषध असते सालीत, अन् सगळी साल सोलली की झाड गेलं. यानं सालीच्या उभ्या पट्ट्या काढल्या, मधल्या तशाच ठेवल्या, अन् उघड्या खोडावर शेवाळ बांधलं. नवी साल आली, तिच्यात क्विनाइन उलट जास्त! हे मी घरी आल्यावर वाचलं. डिंक्या रोग लागून खोडातून डिंक गळायला लागला की संत्र्याची साल खरवडून आम्ही मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावतो, तेच डोळ्यासमोर आलं. आधी माहीत असतं तर बागेत आणखी दोन तास काढले असते. बायकोनं काढू दिले असते का, ते वेगळं.

पुसदहून :
मेट्टुपालयमच्या छोट्या गाडीचं तिकीट भेटलं नाही. बसनं गेलो, पोरगं वळणावळणावर ओकलं. बागेत नुसतं धुकं. मे महिन्यात स्वेटर घातला, तेवढे पैसे वसूल.

सिरोंच्याहून :
क्विनाइन म्हटलं की आमच्याकडे कान टवकारतात, हिवताप इथं दरसालचा पाहुणा. पण मला सांगायचं ते दगड झालेल्या खोडाबद्दल. बागेत 2 कोटी वर्षांपूर्वीचं म्हणून ठेवलंय, फोटोला गर्दी. मीही काढला. आमच्या तालुक्यातल्या वडधमला डायनासोरच्या काळातली दगडी झाडं आहेत, म्हणजे त्याहून कितीतरी जुनी. ती मी उटीहून आल्यावर पाहिली! तिथं फोटो काढणारा मी एकटाच होतो.

आर्वीहून :
सासूबाईंना घेऊन गेलो. बाग 22 हेक्टर आहे म्हटलं, तर त्यांनी मनातच हिशेब केला. ‘पंचावन्न एकर, अन् नुसतं गवत?’ मग मी सांगितलं की 1845 मध्ये तिथल्या गोऱ्यांनी वर्गणी काढून आधी भाजीपालाच लावला होता, बाग मागून झाली. ‘मंग मोडला कायले?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

चांदूर बाजारहून :
मी तिथून निळ्या हायड्रेंजियाचं रोप आणलं. घरी पोचेपर्यंत मान टाकलेली. पंधरा दिवस कुलरसमोर ठेवलं, हे ओसरीत घाम पुसत बसायचे. रोप गेलंच. कुंडीत आता सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावला आहे.